फुलपात्रभर पाणी

फादरांनी अर्जावरचा प्रश्न मोठ्याने वाचला, "बाळाचा याआधी कुठे स्नानसंस्कार झाला आहे का?" आणि माझी सून अश्विनी म्हणाली, "नाही, फादर." तिच्या माहितीप्रमाणे ते खरंच होतं. मी शेजारच्या खुर्चीवर नातीला मांडीवर घेऊन बसले होते. हे उत्तर चुकीचं आहे, हे चर्चच्या त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं. कारण तीन महिन्यांपूर्वी आमच्या जेल रोडच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, कुणाला न विचारता मीच तिला बाप्तिस्मा, म्हणजे हाच स्नानसंस्कार, देऊन मोकळी झाले होते. मी फादरांच्या पेनाकडे बघत राहिले. त्यांनी 'नाही'वर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला.

आम्ही चार पिढ्यांचे कॅथलिक. माझे सासरे खेड्यापाड्यांतून सायकलवर धर्मशिक्षण द्यायला जात. मी तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला आणि घरातही सगळ्यांना मापात बसवायची सवय मला लागली. माझा मुलगा विनय सातपूरच्या एका कारखान्यात आहे. त्याने अश्विनीशी लग्न ठरवलं तेव्हा माझं माप पहिल्यांदा चुकलं. ती लासलगावची, हिंदू घरातली. वडील बाजार समितीत कांद्याच्या वजनकाट्यावर होते. पोरगी हुशार, द्वारका चौकाजवळ बँकेत नोकरी करणारी. रीतसर परवानगी काढून चर्चमध्ये लग्न लागलं. त्याआधी विनयने वचन दिलं, की मुलांना आपल्या श्रद्धेत वाढवण्याचा मी मनापासून प्रयत्न करीन. अश्विनी फादरांसमोरच म्हणाली, "मी आडवी येणार नाही. पण मला समजल्याशिवाय माझ्या लेकराचं काही करायचं नाही." फादरांना ते उत्तर आवडलं. मला अजिबात आवडलं नाही.

मुलगी झाली आणि नावावरून आमचं बिनसलं. अश्विनी कॉलेजात असताना तिची आई वारली होती. तिचं नाव सुमन. अश्विनीला मुलीचं नाव तेच ठेवायचं होतं. मी म्हटलं, "या नावाची संत आहे का कुठे? मरिया ठेवा." विनय नेहमीसारखा छताकडे बघू लागला. बारशाला लासलगावहून व्याही आले. टोपी हातात घेऊन मला म्हणाले, "विहीणबाई, माझ्या कारभारणीचं नाव हाय. लय साधी बाई होती. तेवढं चालवून घ्या." त्यांच्यापुढे मी हो म्हटलं. पण घरी मी नातीला एकदाही सुमन म्हणून हाक मारली नाही. 'मरिया' म्हणायचे, नाहीतर नुसतं 'बाळ'. अश्विनी ऐकायची आणि काही बोलायची नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

बाळ सात महिन्यांचं होतं तेव्हाची गोष्ट. सकाळपासून अंगात कणकण होती. औषध देऊन अश्विनी कामावर गेली. ऑफिस सुटायच्या सुमाराला ताप एकदम चढला. मी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते, आणि बघता बघता ती माझ्या हातात लाकडासारखी ताठ झाली. डोळे वर गेले. ओठ निळसर पडले. हातपाय झटके देऊ लागले. मी पाच भावंडं सांभाळली आहेत, एक मूल वाढवलं आहे, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, गेली. मी ओट्यापाशीच उभी होते. माठावर झाकण आणि झाकणावर स्टीलचं फुलपात्र होतं. लहानपणी शिकवलेलं आठवलं, की मरणाच्या दारात कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. पाणी आणि शब्द, बस्स. मी फुलपात्र बुडवलं, तिच्या कपाळावर तीनदा पाणी ओतलं आणि शब्द म्हटले. तिसऱ्यांदा पाणी पडलं आणि तिचं अंग सैल झालं. मग ती रडली. त्या रडण्याइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

शेजाऱ्यांच्या स्कूटरवर बसून दवाखाना गाठला. अश्विनी तासाभराने पोचली. द्वारकेच्या चौकात तिची रिक्षा गर्दीत अडकली होती. डॉक्टरांनी सांगितलं, की लहान मुलांना तापात असा झटका येतो, दिसायला भयंकर असतो पण बहुतेक वेळा धोक्याचा नसतो. काय काळजी घ्यायची तेही समजावलं. अश्विनी माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "आई, तुम्ही होतात म्हणून." मी तिला झटक्याचं सगळं सांगितलं. पाण्याचं तेवढं सांगितलं नाही. आधी वाटलं, आज नको, पोर घाबरलेली आहे. मग वाटलं, उद्या सांगू. पुढे मनात नको तो हिशेब सुरू झाला. धोका नव्हताच, तर मग मी केलं ते काय होतं? भीतीने केलं, की इतके दिवस मनात होतं ते संधी साधून उरकलं? याचं उत्तर मला खरोखरच देता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी समाधानही होतं, की कुणी काही म्हणो, माझं काम झालं.

अडीच महिन्यांनी एका रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपल्यावर अश्विनी बाकावर तशीच बसून राहिली. मी जपमाळ पर्समध्ये ठेवत होते. ती म्हणाली, "आई, बाळाचा स्नानसंस्कार करूया." मी विचारलं, "हे कसं काय?" ती म्हणाली, "त्या दिवशी द्वारकेला रिक्षा हलेना. मी देवीला हाका मारल्या, माझ्या आईला मारल्या, आणि मग तुमच्या येशूलाही मारली. का कुणास ठाऊक, त्यानंतर हातपाय कापायचे थांबले. तेव्हापासून विचार करतेय. पण मला सगळं नीट शिकून करायचंय." ज्यासाठी मी नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना, नोव्हेनावर नोव्हेना केल्या, ते असं न मागता माझ्या ओंजळीत पडलं, आणि मला धड आनंदही होईना. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात, ते उगीच नाही.

तयारीचे तीन रविवार होते. अश्विनीने नवी वही घातली होती. तेल कशासाठी, मेणबत्ती कशासाठी, पांढरं वस्त्र का, सगळं विचारून लिहून घ्यायची. फादर तरुण आणि शांत. ते म्हणाले, "माणूस एकदाच जन्मतो, तसा हा संस्कारही एकदाच. पुन्हा करता येत नाही." कुणीतरी विचारलं, मूल फार आजारी असेल तर? ते म्हणाले, "तर कुणीही देऊ शकतं, नर्ससुद्धा. पण नंतर आम्हाला सांगायचं. आणि धोका नसताना आईवडिलांच्या माघारी कुणी हे करू नये. प्रेमानेसुद्धा करू नये." चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं ते माझ्याकडेच बघून बोलले. परत येताना रिक्षात अश्विनी म्हणाली, "पाणी पडताना बाळाला मी धरणार, आई. विनयला नाही देणार. ते पाणी मला जवळून बघायचंय." मी रस्त्याकडे तोंड करून बसले.

झबलं मी शिवत होते, माझ्या लग्नाच्या पांढऱ्या साडीतून. माझ्या शिवणाला सहसा कुणी नाव ठेवत नाही, पण त्या झबल्याचा गळा मी तीनदा उसवला. घेरावर नाव भरायची आमच्याकडे रीत आहे. निळा दोरा आणून ठेवला होता आणि ती जागा रिकामीच सोडली होती. उसवता उसवता मनात यायचं, गप्प राहिले तर काय बिघडेल? फादर पाणी घालतील, सून खूश, मुलगा खूश. पण मग लगेच दिसायचं, की सगळं चर्च हात जोडून उभं आहे आणि माझ्या एकटीच्या भीतीपायी वेदीसमोर नाटक चाललंय. आणि सांगितलं तर? मला समजल्याशिवाय काही करायचं नाही, एवढं एकच त्या मुलीने मागितलं होतं. ते ऐकून तिने वही मिटली, बाळाला घेऊन लासलगावला निघून गेली, तर मी कुणाला दोष देणार होते?

शेवटच्या रविवारच्या आदल्या दुपारी अश्विनी माझ्यापाशी येऊन बसली. झबलं माझ्या मांडीवर होतं. म्हणाली, "फादर म्हणाले धर्ममाता, म्हणजे संस्कारात बाळाची हमी घेणारी बाई, अशी निवडा, जिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येईल. मी विचारलं, आजी चालते का? ते म्हणाले, चालते. तुम्ही व्हाल?"

एरवी मी देवाकडे खुणा मागणाऱ्या बायकांना हसते. पण त्या क्षणी मला कळलं, की विचारणारी अश्विनी असली तरी प्रश्न तिचा एकटीचा नाही. सुई झबल्यात टोचून ठेवली आणि म्हटलं, "होता येणार नाही मला. आधी ऐक." मग सगळं सांगितलं. माठ, फुलपात्र, तीनदा ओतलेलं पाणी, तीन महिन्यांचं गप्प बसणं. डॉक्टरांकडे जाण्याआधीचं आणि नंतरचंही. मनातलं समाधानसुद्धा लपवलं नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा उतरत गेला. मग म्हणाली, "मला ते पाणी बघायचं होतं, आई." एवढंच बोलून बाळाला घेऊन आत गेली. विनय कामावरून आल्यावर त्यालाही कळलं. तो म्हणाला, "आई, तू पण ना," आणि पहिल्यांदाच छताकडे न बघता माझ्याकडे बघत उभा राहिला. त्या संध्याकाळी मला प्रार्थनेचे शब्दही सुचले नाहीत. नुसतं म्हटलं, "माझ्या हातात होतं ते सगळं मी बिघडवलंय. आता तू बघ." आयुष्यभर मी देवाला काय कर ते सांगत आले. तू बघ, असं त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

सकाळी मी चहा टाकत होते. अश्विनी बाळाला कडेवर घेऊन दारात आली. डोळे सुजले होते. म्हणाली, "दाखवा."

"काय?"

"कुठे उभ्या होतात, कसं केलंत. सगळं दाखवा. मला बघायला मिळालं नाही, निदान ऐकू तरी द्या."

मी गॅस बंद केला. माठापाशी उभी राहिले. फुलपात्र हातात घेऊन दाखवलं, डोकं या बाजूला होतं, पाणी असं ओघळलं, खाली फरशीवर थारोळं झालं. ती एकेक गोष्ट विचारत होती, वहीत लिहून घ्यायची तशी. मग म्हणाली, "आणि शब्द काय म्हणालात?"

मी म्हणू लागले, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या..."

"त्याच्या आधी नाव घेतात ना? फादरांनी सांगितलंय. काय नाव घेतलंत?"

 तीन महिन्यांत हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मरियाच म्हटलं असणार, दुसरं काय? मी डोळे मिटले. पोरगी हातात ताठ झालेली, आणि मला माझाच आवाज ऐकू आला, फाटलेला, किंचाळल्यासारखा.

"सुमन," मी म्हटलं. "सुमन म्हटलं गं मी. 'सुमन, मी तुला...' असंच म्हटलं. तीनदा पाणी घातलं आणि नंतरही तीच हाक मारत राहिले. सुमन, सुमन, डोळे उघड."

मला रडू आवरेना. ते नाव मी हट्टाने जिभेवर येऊ दिलं नव्हतं. ते त्या घडीला कुठून आलं, कुणी तोंडात घातलं, मी सांगू शकत नाही. अश्विनीने बाळाला माझ्या हातात दिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती आईसाठी रडली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर ती आईसाठी कधी रडली नव्हती. बाळ बिचारं दोघींच्या मध्ये चेंगरत होतं. शेवटी नाक पुसत ती म्हणाली, "धर्ममाता तुम्हीच. पण यापुढे माझ्या माघारी काही नाही." मी म्हटलं, "नाही." मग आम्ही तिघीही फादरांकडे गेलो. त्यांनी शब्द नीट विचारून घेतले, अर्जावरची 'नाही'ची खूण खोडली, आणि मला जरा रागावलेही. ते योग्यच होतं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये आणखी दोन बाळं होती. त्यांच्या कपाळावर पाणी पडलं. आमच्या बाळाला फक्त तेल, पांढरं झबलं आणि मेणबत्ती. पाणी झालेलं आहे, असं फादरांनी सगळ्यांना सांगितलं. पाणी पडत होतं तेव्हा मी अश्विनीकडे पाहिलं. ती एकटक बघत होती. तिला जे मिळालं नाही ते मी परत देऊ शकत नाही, हे मला शेवटपर्यंत सलेल आणि सलावंच. विधीच्या सुरुवातीला फादरांनी विचारलं होतं, "या बाळाचं नाव काय ठेवलंत?" हे उत्तर आईवडिलांनी द्यायचं असतं. अश्विनीने माझ्या कोपराला हळूच धक्का दिला. "आई, तुम्ही सांगा."

"सुमन," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले असेन. मागच्या बाकावर व्याह्यांनी टोपीने डोळे पुसले.

जे सावकाश, अश्विनीच्या मनाने व्हायचं होतं, ते मी घाईने उरकू पाहिलं. त्या घाईतही देवाने माझ्या तोंडी मी ठरवलेलं नाही, तिने ठरवलेलं नाव दिलं. त्याचे उपकार मी फेडू शकत नाही, म्हणून आता एवढंच करते, त्याच्या आधी धावत नाही. झबल्याच्या घेरावर निळ्या दोऱ्याने भरलेलं नाव अजून तसंच स्वच्छ आहे. माठावरच्या त्याच फुलपात्रातून मी तिला पाणी पाजते, आणि सुमन म्हणून हाक मारली की ती पाणी सोडून माझ्याकडे बघते.