विद्युल्लताबाईंची मोरपंखी शाई

काशीतल्या दुर्गाघाटाजवळच्या मुलींच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या विद्युल्लताबाई पाटणकर यांच्या उजव्या हाताची दोन बोटं बारा महिने निळी-हिरवी असत. गल्लीतला भाजीवालासुद्धा त्या बोटांकडे बघून विचारी, "मास्टरनीजी, आज बहुत लिखा का?" बाईंना ते फार आवडे.

त्या मोरपंखी शाईच्या दौती त्यांचा पुण्याचा भाचा पाठवी. शाई दिसायला देखणी, पण अंगात खोड्या भरलेल्या. चांगल्या कागदावर अक्षर असं उमटे की वळणावर फिकट, टोकाला गडद आणि कडेला तांबूस झाक. तीच शाई बँकेच्या फॉर्मवर टेकवली की प्रत्येक अक्षराला गोमेसारखे पाय फुटत आणि पाठीमागच्या बाजूला दुसराच मजकूर तयार होई. जेठातल्या उन्हात टोपण क्षणभर उघडं राहिलं तरी निब कोरडी ठक्क. मग बाई ती पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवत. एकदा त्यांचे यजमान शिवरामपंत, रेल्वेतून निवृत्त झालेले सरळ गृहस्थ, तोच पेला तोंडाला लावून मोकळे झाले आणि तशाच जिभेनं डॉक्टरांकडे रक्तदाब दाखवायला गेले. डॉक्टर रक्तदाब विसरून जीभच बघत बसले.

"अगं, बॉलपेन म्हणून एक वस्तू निघाली आहे जगात," पंत म्हणत.

"तुमच्या रेल्वेच्या पावत्या लिहायला ठीक आहे ती," बाई म्हणत.

गेल्या वर्षी बाईंच्या भाचीचं, मधुराचं लग्न ठरलं. मुलाकडची मंडळी नागपूरची. काशीला पहिल्यांदाच येणारी. भोसले घाटाजवळ त्यांची उतरायची सोय केली होती. मंगलाष्टका आत्यानंच रचायच्या, असा मधुराचा हट्ट. बाईंनी शार्दूलविक्रीडित वृत्तात तीन कडवी केली. पहिली ओळ होती, 'काशीच्या नगरी सुमंगल घडी आली उजाळीत ही'. ती त्यांनी पंतांना इतक्या वेळा ऐकवली की पंत दाढी करताना तीच गुणगुणू लागले.

कडवी लिहायला बाईंनी गुळगुळीत, चकचकीत कागद आणला. चूक इथेच झाली. असा कागद शाई पीत नाही. शाई नुसती वर बसून राहते. त्यात आषाढ लागलेला, हवेत उमस. आदल्या संध्याकाळी लिहिलेली अक्षरं सकाळीही लखलखत होती.

"ओली दिसते आहे गं," पंत म्हणाले. "प्लास्टिकमध्ये घालून घे."

"ओली नाही, ती झळाळी आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही कळायचं."

कार्यालयात ऐन मुहूर्ताला बिजली गेली. पंखे थांबले. अंतरपाट धरलेला, दोन्हीकडे हार घेतलेली घामेजलेली मुलं, आणि मध्ये माईक गेल्यामुळे घसा ताणून गाणाऱ्या प्रमोदिनीवहिनी. या मधुराच्या आई. गळा उत्तम, पण तळहातांना घाम अतोनात. पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्याला वहिनी अडखळू लागल्या. तिसऱ्याला त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, वळवून पाहिला. घामानं सगळं कडवं वाहून गेलं होतं. कागदावर तळं साचलं होतं आणि त्यात फक्त एक शब्द तग धरून होता.

वहिनींनी तोच घेतला. "सासू..." लांब तान. पुढे काही सापडेना. "सासू... सासू..." आणि मग जीव एकवटून, "शुभमंगल सावधान!"

मग अंतरपाटाआडून नवरदेवच आधी हसला आणि सगळ्या मांडवाचा बांध फुटला. नवऱ्या मुलाच्या आई, गीताबाई, पदर तोंडाशी धरून हसत होत्या, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. विद्युल्लताबाई मात्र खांबाला टेकून उभ्या राहिल्या. तिसरं कडवं त्यांचं सगळ्यांत आवडतं होतं.

यज्ञेश गुरुजींनी तो कागद वहिनींच्या हातून झटकन काढून घेतला, पाठ असलेल्या मंगलाष्टकांनी वेळ मारून नेली आणि कपाळावरचा घाम पुसला. आता शाई गुरुजींच्या कपाळावर. पुढे मानपान सुरू झाले. गुरुजींनी मुलाच्या वडिलांना कुंकू लावलं, ते त्याच शाईभरल्या हाताच्या अंगठ्यानं. कुंकवाच्या भोवती मोरपंखी कडा उमटली.

गीताबाईंनी आधी यजमानांकडे पाहिलं, मग गुरुजींच्या कपाळाकडे. "गुरुजी, हा निळा टिळा इथली पद्धत का?"

गुरुजी बनारसचे. तोंडातल्या तोंडात पान घोळवत म्हणाले, "नीलकंठाची नगरी आहे, वहिनी."

झालं! नागपूरकर मंडळी ओळीनं उभी राहिली. चुलते, मामा, आत्या, सगळ्यांना निळा टिळा हवा. अंगठा कोरडा पडला तसे गुरुजी बाईंजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, पेन आहे का जवळ?"

बाई जन्मभर मुलींच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करत आलेल्या. हे त्यांना सोसेना. त्या तडक पुढे गेल्या. "हे बघा, ही पद्धत-बिद्धत काही नाही. ही माझ्या पेनातली शाई आहे. माझ्या हट्टापायी सगळा घोटाळा झाला."

मंडळी आदरानं ऐकत राहिली. मग मुलाची आत्या भारावून म्हणाली, "किती साध्या आहेत बघा! म्हणजे ताईंच्या हातची आहे." आणि तिनं कपाळ पुढे केलं.

बाईंनी पंतांकडे पाहिलं. पंत छताकडे बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. शेवटी बाईंनी पेन उघडलं.

कागदावरून थेंबभर पाण्यानं पळणारी ही शाई कातडीला मात्र जळवेसारखी चिकटते. दुसऱ्या दिवशी नागपूरकरांनी पंचगंगा घाटावर तीन-तीन बुडक्या मारल्या. टिळे आणखी खुलले. स्टेशनवर निरोप देताना एका हमालानं शिवरामपंतांना बाजूला घेऊन विचारलं, "बाबूजी, ये कौन संप्रदाय है?"

"मोरपंथी," पंत गंभीरपणे म्हणाले.

पंधरवड्यानं मधुराचा फोन आला. "आत्या, तिसरं कडवं काय होतं गं? सासूबाई रोज विचारतात. 'सासू'च्या पुढे नेमकं काय होतं ते कळल्याशिवाय त्यांना चैन नाही."

बाई आठवू लागल्या. कच्चं लिखाण त्याच शाईतलं; त्यावर पंतांनी चहाचा कप ठेवला होता. आठवेना. मग त्या तिथल्या तिथे नवंच कडवं रचू लागल्या, बोटांवर अक्षरं मोजत. दोनदा अडखळल्या. पलीकडून गीताबाईंचा आवाज आला, "सावकाश, ताई. मी लिहून घेते आहे."

"कशानं?" बाईंनी विचारलं.

"पेन्सिलीनं," गीताबाई म्हणाल्या.

बाई खळखळून हसल्या आणि पुढची ओळ सांगू लागल्या.