बातम्यांपुरता अंधार

बाबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून पुण्याला आले. त्यांना स्टँडवरून घरी आणताना मी गाडीतला रेडिओ मीडियम वेव्हवर लावला. एरवी मी एफएमवर गाणी ऐकतो. बाबांना बातम्या लागतात. पण आतून नुसती घरघर आली, डब्यात भुंगा कोंडल्यासारखी.

"काहून कोकलते हा?" बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "राहू दे लेका. बंद कर."

ते 'राहू दे' मला लागलं. गावच्या घरात आमची एकच ट्यूबलाइट होती आणि ती लागली की ट्रान्झिस्टर खरखरायचा. बाबा जिनिंगमधून कापसानं पांढरे होऊन यायचे, हातपाय धुऊन सातच्या बातम्यांना बसायचे. तेवढ्यापुरती ट्यूब बंद. आम्ही सगळे अंधारात. बातम्या संपल्या की बाबा म्हणायचे, "झालं. लावा दिवा." मी दहावीत गेलो आणि त्यांनी ट्यूब बंद करणं सोडून दिलं. "राहू दे, पोराचा अभ्यास आहे." पुढे बारावीपर्यंत ट्रान्झिस्टर कोनाड्यातच राहिला.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तोही इलेक्ट्रॉनिक्सचा. त्या तीन वर्षांच्या बातम्या काही परत देता येत नाहीत. पण ऑपरेशननंतर डोळे दाखवायला संध्याकाळी जायचं होतं. तेव्हा वाटेत सातच्या बातम्या तरी त्यांना स्वच्छ ऐकवायच्या, असं मी ठरवलं.

कसबा पेठेतल्या एका वायरिंगवाल्या काकांना फोन केला. "गाडी बोळात घालू नका. नदीकाठी लावा, मी चालत येतो," ते म्हणाले. आले. डॅशबोर्डवरच्या गणपतीला नमस्कार केला आणि मला विचारलं, "आपण काय करता?"

"इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर आहे."

"वा! मग हा टॉर्च धरा."

इंजिन बंद केलं तरी घरघर चालूच होती, म्हणजे दोष इंजिनाचा नव्हता. काकांनी अर्थिंगची तार घासून साफ केली, एरियल बदलली, एकेक फ्यूज काढून पाहिला. एक काढल्यावर आवाज थांबला.

"अहो काका, हा तर रेडिओचाच फ्यूज!"

"शांतताच हवी होती ना आपल्याला?"

लायटरचं सॉकेटही त्याच फ्यूजवर होतं. त्यात गणपतीची वायर होती. मी गाडी घेतली तेव्हा बाबांनी जत्रेतून आणलेला तो गणपती. मागे लुकलुकणाऱ्या रंगीत दिव्यांची प्रभावळ. काकांनी गाडीतलं सगळं सोडवून पाहिलं, पण त्या वायरला हात लावला नाही. मीही नाही. देवाचा दिवा काढून पाहावा, हे आमच्या मनातच आलं नाही.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी बाबांना घेऊन निघालो. डोळ्यांवर काळा चष्मा. येरवड्याच्या पुढे सिग्नलला थांबलो, सात वाजत आले होते. रेडिओ लावला. तीच घरघर.

"नाही जमलं बाबा," मी म्हणालो. "बरीच खटपट केली."

बाबा समोर पाहत होते. "हा दिवा डोळ्यात जाते रे. येताना तर दिसलाच नव्हता मले."

"काढू का?"

"इचारतो काय? बातम्या लागाच्या आहेत ना? मंग दिवा इझवा लागते."

त्यांनीच चाचपत वायर धरली आणि ओढली. प्रभावळ विझली. घरघर थांबली आणि बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज इतका स्वच्छ आला की बाबांनी मान पुढे केली, ट्रान्झिस्टरसमोर करायचे तशी.

सिग्नल सुटल्यावर मी गाडी पुढे नेऊन कडेला उभी केली. डॉक्टरांकडे पोहोचायला उशीर होणार होता. आम्ही दोघं शेवटच्या बातमीपर्यंत बसून राहिलो.

हवामान सांगून झालं. बाबांनी वायर माझ्या हातात दिली.

"झालं," ते म्हणाले. "लाव दिवा."