डोळ्यांना न झोंबलेली डबी

मंगळवारी सकाळी तेजस्विनी भुसारेनं स्वतःच्या पोटातल्या तुकड्यांची डबी उघडली, आणि तिच्या डोळ्यांना काहीच झालं नाही.

अकरा वर्षं ती हे काम करते. इंदिरानगरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी, अपेंडिक्स, पित्ताच्या पिशव्या डब्यांतून तिच्या टेबलावर येतात. ती त्यांचे मेणात ठोकळे करते, कागदाहून पातळ काप काढते, काचेवर चढवून रंगवते. मग ती काच डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि रोगाचं नाव लिहितात. त्यासाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवूनच यावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये पेशी जशा होत्या तशा राहतात, सडत नाहीत. झाकण फिरवलं की ते डोळ्यांना झोंबतं आणि नाकात चढतं.

या डबीतून वास आला तो नासलेल्या मटणाचा. डबीवर छापलं होतं ‘फॉर्मॅलिन’. आत सलाईन होतं.

"धनराजभाऊ," तिनं हाक मारली, "हे हुंगा."

धनराज लॅबची मोटरसायकल घेऊन हॉस्पिटलांमधून डब्या गोळा करतात. त्यांनी डबी नाकाजवळ नेली आणि लगेच मान मागे घेतली.

"ताई, मी शनिवारी आणली तेव्हा झाकण घट्ट होतं. पाणी पण स्वच्छ दिसत होतं."

"दोन्ही स्वच्छच दिसतं. म्हणून तर हुंगायचं असतं."

"आणि सोमवारी आम्ही उघडणार होतो. तुम्हीच फोन करून सांगितलं, माझ्या डबीला कोणी हात लावू नका, मी येऊन करते."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ती जास्त चिडली. लॅबमधल्या दुसऱ्या कुणाच्या हातावर तिचा भरवसा नव्हता. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा महिनाभर ठेवला तरी बिघडत नाही, मग तीन दिवसांनी काय होणार, असा तिचा हिशेब होता. एप्रिलातल्या नाशिकच्या उकाड्यात ते तीन तुकडे तीन दिवस मिठाच्या पाण्यात पडून राहिले.

या तुकड्यांसाठी ती अठरा वर्षं थांबली होती.

पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळेत पंधराव्या वर्षी तिचं पोट पहिल्यांदा असं दुखलं की ती आंघोळीच्या खोलीत चक्कर येऊन पडली. बाकीच्या मुली पाळीतही कबड्डी खेळत. अधीक्षिकाबाई म्हणाल्या, "परीक्षा आली की हिचं पोट बरोबर दुखतं." पुढं एका डॉक्टरनं गॅसची गोळी दिली. दुसऱ्यानं सांगितलं, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, थांबलं नाही. तिसऱ्यानं सांगितलं, मूल झालं की थांबेल. मूल झालं नाही. तीन सोनोग्राफ्या झाल्या आणि तिन्ही नॉर्मल आल्या.

नवरा योगेश एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ऑपरेटर आहे. कंट्रोल रूममध्ये बसून बॉयलरचं तापमान आणि दाब बघणं हे त्याचं काम. तो कधी हात उगारत नाही, आवाजही चढवत नाही. सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र तो समोर धरायचा. "इथं नॉर्मल लिहिलंय. मी काय करू?" सासू स्वयंपाकघरातून म्हणायची, "आमच्या वेळी बायांना पोटंच नव्हती बहुतेक." जानेवारीत योगेश म्हणाला, "एकदा काहीतरी कागद आण गं. नुसतं दुखतं म्हणून आईला किती दिवस गप्प करू?"

त्या कागदासाठी तिनं शनिवारी दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेतलं. सर्जनना पोटाच्या आतल्या अस्तरावर काळपट डाग दिसले. "जुनं रक्त असेल किंवा एंडोमेट्रिओसिस असेल. लॅब सांगेलच," ते म्हणाले. त्यांनी तीन तुकडे काढले आणि उरलेले डाग जाळून टाकले.

रविवारी वॉर्डमध्ये उशाशी बसलेल्या आईनं, कुसाबाईनं विचारलं, "तेजे, म्हंजे झालंय तरी काय तुला?"

तेजस्विनीनं सांगितलं. गर्भपिशवीचं आतलं अस्तर दर महिन्याला गळून पडतं. त्यातलं थोडं रक्त आणि पेशी उलट्या वाटेनं, नळ्यांतून पोटात जातात. पुष्कळ बायकांचं जातं. आपली जागा सुटली की पेशीनं मरायचं असतं, तसा हुकूम तिच्या आतच असतो. ज्या मरत नाहीत त्यांना शरीराची राखण करणाऱ्या पेशी मारतात, खाऊन टाकतात. काही बायकांत मात्र त्या पेशी हुकूम मानत नाहीत. तिथंच चिकटतात आणि वाढतात.

"मंग राखणीवाल्या काय करत्यात? झोपल्यात का?"

"मारणाऱ्या असतात त्या ढिल्या पडतात. खाणाऱ्या येतात, ढिगानं येतात. सांडलेलं रक्त खातात, पण त्या पेशींना सोडून देतात. उलट त्यांना नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात."

"म्हंजे चोराला भाकरी बी राखणदारच घालतोय!" कुसाबाई म्हणाली. "आन असं का गं?"

"ते अजून पुरतं कुणालाच माहीत नाही, आई."

"बायांचं हाय ना. म्हून नाय माहीत."

बुधवारी काचा तयार झाल्या. लॅबच्या प्रमुख डॉ. वेदिका निकम यांनी सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघितलं आणि खुर्ची सरकवून तिला जागा दिली. सगळं फिकट गुलाबी होतं. पेशींच्या कडा विरघळल्या होत्या, केंद्रकं दिसतच नव्हती. एंडोमेट्रिओसिस म्हणायला अस्तराच्या ग्रंथी दिसाव्या लागतात, त्यांच्या भोवतीच्या आधार देणाऱ्या पेशी दिसाव्या लागतात. दोन्हींचा मागमूस नव्हता.

"तेजू, मी सर्जनशी बोललेय," मॅडम म्हणाल्या. "तुझी लक्षणं आहेत, त्यांना डाग दिसलेत. मी एंडोमेट्रिओसिस लिहिते. तू आपल्या घरची आहेस."

"तुम्हाला दिसलं का?"

"दिसलं नाही, पण आहे ते. मलाही माहितीय आणि तुलाही."

"उद्या दुसऱ्या कुणाच्या काचेवर न दिसलेलं लिहाल?"

"तुला कागद हवाय ना? मग भांडतेस कशाला?"

"मला कागद हवाय, खैरात नको. आणि नमुना सलाईनमध्ये आला हे त्यात लिहा."

ते हॉस्पिटल महिन्याला साठ डब्या पाठवतं. "असं लिहिलं की ते लोक दुसरी लॅब बघतात," मॅडम म्हणाल्या.

"बघू देत. तिथंही सलाईनच पाठवतील."

मग तेजस्विनीनं आणखी एक काच करून बघायची परवानगी मागितली. फिकट कापात एका जागी तपकिरी कण दिसत होते. तिनं त्याच ठोकळ्याचा आणखी एक काप काढला आणि लोह शोधणाऱ्या रंगात घातला. अर्ध्या तासानं काच भिंगाखाली आली तेव्हा त्यावर निळे पुंजके उमटले होते. सांडलेलं रक्त खाणाऱ्या पेशींच्या पोटातलं ते लोह. पेशी सडून गेल्या होत्या, लोह सडलं नव्हतं. चोराला भाकरी घालणाऱ्या राखणदारांनीच मागं तेवढी खूण ठेवली होती.

"यावरून जुना रक्तस्राव एवढंच सिद्ध होतं," मॅडम म्हणाल्या.

"तेवढंच लिहा."

रिपोर्टमध्ये तीन ओळी आल्या. नमुना फॉर्मॅलिनऐवजी सलाईनमध्ये मिळाला, पेशी सडल्यामुळे नक्की निदान शक्य नाही. जुन्या रक्तस्रावाच्या खुणा आहेत, एंडोमेट्रिओसिस असू शकतो. नमुना सडला म्हणून रोग नाही असं समजू नये. तिसरी ओळ मॅडमनी आपणहून घातली. दुखण्यावरची हार्मोनची गोळी सुरू करायला या कागदासाठी अडायची गरज नाही, हेही त्यांनी सर्जनना फोनवर सांगितलं.

दुपारी हॉस्पिटलच्या मॅनेजरचा तेजस्विनीला फोन आला. फॉर्मॅलिन संपलं होतं, सिस्टर नवीन होती, एवढं काय मनावर घेता मॅडम, पुन्हा दुर्बीण घालू, तुमच्यासाठी सवलतीत करू.

"अठरा वर्षं माझ्या पोटात ज्या पेशी मेल्या नाहीत," तेजस्विनी म्हणाली, "त्या तुमच्या डबीत तीन दिवसांत मेल्या. आता पुन्हा घालून काय शोधणार? उरलेलं तर जाळलंत." तिनं फोन ठेवला. टाक्यांवर हात दाबून ती पुढची डबी उघडायला बसली. ती झोंबली.

संध्याकाळी एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या घरी तिनं कागद योगेशपुढं ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला.

"म्हणजे नक्की नाहीच."

"तुमच्या प्लांटमध्ये तापमानाचा काटा बंद पडला तर बॉयलर थंड झाला म्हणता का?"

आतून सासूनं विचारलं, "काय रे, काय लिहिलंय?"

योगेश कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेला. "आई, डबीत घोळ झाला, नक्की काही कळलं नाही. पण तिला दुखतं. आता बोलायचं नाही."

सासूनं तव्यावरची पोळी उलटली. तो परत आला आणि तेजस्विनीकडे बघत राहिला, आता तिनं काहीतरी बरं बोलावं अशी त्याची अपेक्षा असावी.

"हे बोलायला कागद कुठं लागला?" तेजस्विनी म्हणाली. "लग्नाला सहा वर्षं झाली."