कॅनचं पाणी

अमरावतीच्या ज्या प्रयोगशाळेत मी पीएचडी केली, तिथल्या आमच्या सरांना नाकाने कांदे सोलायची फार हौस. लग्नाच्या पंगतीतही ते जंतूंवर व्याख्यान द्यायचे. प्रयोगाला पाणी कुठलं घ्यावं, एवढं मात्र त्यांना कळत नव्हतं.

माझा विषय मेंदूतल्या पेशींचा. एकमेकींना चिकटून राहण्यासाठी त्यांच्या अंगावर काही रेणू असतात. त्यांना डिवचलं की पेशीतलं कॅल्शियम वाढतं आणि आम्ही घातलेला रंग सूक्ष्मदर्शकाखाली उजळतो. हे कॅल्शियम आतल्या साठ्यातलं की बाहेरून आलेलं, एवढाच माझा प्रश्न. म्हणून पेशी कॅल्शियम नसलेल्या द्रावणात ठेवायच्या. तरीही रंग उजळला, तर ते आतलं.

रंग उजळायचा. सर परिषदेत हा शोध सांगून शाल-श्रीफळ घेऊन आले.

हे द्रावण ज्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये करायचं, त्याचं यंत्र बंद पडलं होतं. दुरुस्तीची कटकट नको म्हणून सरांनी लग्नकार्यात येते ती थंड पाण्याची निळी कॅन लावली होती. "आरओचं हाये, शुद्धच रायते," म्हणाले. कसलं आरओ! कॅनवाले बोअरचंच पाणी गार करून विकत होते. एकदा चहाच्या केटलीत त्याचा पांढरा थर दिसला. तो थर कॅल्शियमचाच, आणि माझा सगळा प्रबंध त्यावर उभा.

अकोल्याच्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेतून शुद्ध पाणी आणून प्रयोग पुन्हा केला. रंग उजळला नाही. म्हणजे कॅल्शियम बाहेरूनच येत होतं. चिकटणारे रेणू त्याला फक्त दार उघडून देत होते.

सर भडकले. "तुले पाणी बदलवाले कोनं सांगतलं? काहून नसत्या भानगडी करून राहिली? जुने आलेख लाव, नाई त माह्या सहीची वाट पाहू नको."

समजावून पाहिलं, पालथ्या घड्यावर पाणी. मी जुने आलेख लावले नाहीत. प्रबंध कपाटात पडला, घरचे लग्नाचं बोलू लागले, आणि मला त्या माणसाची किळस येऊ लागली.

मग एक दिवस त्यांनी स्वतः बोलावून सही केली. मला वाटलं, लाजले असतील. पुढच्याच महिन्यात अकोल्याच्या परिषदेत ते माझे आलेख स्वतःच्या नावावर दाखवत होते. व्यासपीठावर त्यांची भाषाही अगदी पुणेरी. "कॅल्शियम बाहेरूनच येतं, हे आम्ही पहिल्यापासून म्हणत आलो आहोत."

समोर बसलेली मंडळी तीच होती, ज्यांनी मागच्या परिषदेत याच्या नेमकं उलटं ऐकून टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांनी आताही वाजवल्या. माझा प्रबंध तपासायला त्यांच्यातलेच दोघे आले.