मनातल्या मनात कायले?

साकोलीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी वच्छलाकाकूंकडे भाड्याने राहायला गेलो. पहिल्याच सकाळी काकू ओसरीत ध्यानाला बसलेल्या दिसल्या. एक डोळा मिटलेला आणि दुसरा सताड उघडा, फाटकावर लावलेला. मी दबकत बाजूने निघालो, तर त्या म्हणाल्या, "जा मास्तर, तुमी जा. मी बकऱ्यांसाठी पाहून राहिली." त्यांच्या परसातल्या वांग्यांवर गल्लीतल्या बकऱ्यांचं लक्ष असे, आणि काकूंचं बकऱ्यांवर.

मनःशांतीसाठी काकूंनी सगळं करून पाहिलं होतं. एका प्रवचनात महाराजांनी सांगितलं, की 'मी कोण?' हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. काकूंनी जागेवर उभं राहून आपलं नाव, कैलासवासी नवऱ्याचं नाव आणि बसस्टँडवरून घराकडे कसं यायचं ते सांगितलं. हास्य क्लबात त्या हसल्याच नाहीत. कोणी काही बोललंच नाही तर हसायचं कायले, असा त्यांचा सवाल होता. सगळे हात वर करून हसायचे आणि काकू मधोमध गंभीर चेहऱ्याने उभ्या राहायच्या. त्यांच्याकडे पाहून बाकीच्यांना खरोखरच हसू फुटायचं. क्लबवाल्यांना त्या हव्याच होत्या. काकूंनीच जाणं सोडलं.

ही खटपट कशासाठी, ते मला एकदा तांदूळ निवडताना कळलं. त्यांची आई शेवटी तुमसरला, धाकट्या बहिणीकडे म्हणजे कमलामावशींकडे होती. आई गेल्याचा निरोप काकूंना उशिरा मिळाला. त्या पोचल्या तेव्हा माणसं स्मशानातून परत येत होती. काकू दारातूनच मागे फिरल्या आणि त्यानंतर त्यांनी बहिणीचं तोंड पाहिलं नाही. पण रागापेक्षा दुसरंच काहीतरी त्यांना जास्त खात होतं. "आईनं माह्या नावानं हाका मारल्या असन," त्या म्हणाल्या, "अन मी इथं होती." छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणून त्यांनी डॉक्टरलाही दाखवलं होतं. छाती ठणठणीत निघाली होती.

मग कोणीतरी त्यांना आंबागडाच्या बाजूला भरणाऱ्या मौन शिबिराबद्दल सांगितलं. काकू आणि मौन, हे ऐकून गल्लीत बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तरी काकू गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोन आला, की आपल्या काकूंना घेऊन जा.

मी मोटारसायकल काढून गेलो. झालं होतं असं, की सगळ्यांना डोळे मिटायला लावून गुरुजी म्हणाले होते, ज्याने तुम्हाला दुखावलं त्याला नजरेसमोर आणा आणि मनातल्या मनात माफ करा. काकू ताडकन उठल्या आणि भरल्या शांततेत म्हणाल्या, "मनातल्या मनात कायले? थे तुमसरले रायते. बस जाते तिथं." अख्खं सभागृह फिसकन हसलं. मौन मोडलं ते पुन्हा काही केल्या जुळेना. हे मला सांगताना खुद्द गुरुजींना तोंडावर रुमाल धरावा लागला.

काकू मागे बसल्या आणि गाडी तुमसरकडे घ्यायला सांगितली.

कमलामावशींनी दार उघडलं. काकू चपलाही न काढता म्हणाल्या, "कमले, मी तुले माफ करतो."

"कायची माफी?" मावशी म्हणाल्या. "फोन लावून लावून माहं बोट दुखलं, तुहा लागतच नोयता. अन आली तं दारातूनच परत गेली तू, बाई. मले गळ्याशी धरून रडाले एक माणूस नोयता."

माफ करायला आलेल्या काकू अवघडल्या. त्यांनी चपला काढल्या आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसल्या. बराच वेळ पदराचं टोक चाळवत राहिल्या. मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "आईनं माहं नाव घेतलं होतं का?"

मावशी त्यांच्यासमोर येऊन बसल्या. "खोटं कायले सांगू, बाई? तुहं नाई घेतलं. माहंबी नाई. म्हशीले पाणी पाजलं का, इतकंच इचारलं."

"म्हैस तं कधीचीच विकली होती."

"तेच तं."

आधी काकूंना हसू आलं, मग मावशींना. दोघी एकमेकींना धरून हसल्या आणि हसता हसता कधी रडायला लागल्या, ते समोर बसूनही मला कळलं नाही. शेजारच्या बाई घाबरून धावत आल्या. काय सांगावं ते न सुचून मी म्हशीचं सांगितलं. त्यांनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि पाणी आणायला गेल्या.

परतीच्या वाटेवर काकूंनी मला मध्येच थांबवलं आणि बांधाच्या कडेला उभ्या राहून एक लांब श्वास घेतला. म्हणाल्या, "मास्तर, शांतीसाठी बसा लागते, हे खरं हाय. पण कोणाच्या समोर बसाचं, हे मले आत्ता समजलं."

पुढे काकू तुमसरलाच राहायला गेल्या. सामान न्यायला मावशी स्वतः टेम्पो घेऊन आल्या. मी दोघींच्या पाया पडलो. काकूंनी डोक्यावर हात ठेवला, पण त्यांचं लक्ष टेम्पोकडे होतं. गाठोडी चढली, दोघी ड्रायव्हरशेजारी बसल्या, आणि कोणत्या रस्त्याने जायचं यावरून त्यांचं सुरू झालं. ड्रायव्हर हताशपणे माझ्याकडे बघत होता. गाडी वळली तरी त्यांचा आवाज येत होता, आणि मी तो संपेपर्यंत ऐकत उभा राहिलो.