मधला तुकडा

दुकानात संध्याकाळी झाडू मारला तरी सकाळी मशिनीखाली चिंध्या सापडतातच. किश्शांचंही तसंच आहे. मी शिरूरला लेडीज टेलर आहे आणि दर मे महिन्यात तीन आठवडे कारेगावच्या उन्हाळी शिबिरात मुलांना शिवण शिकवते. संध्याकाळी स्कूटी लावून घरात पाऊल टाकलं की नवरा विचारतो, "आज कुणावर चिडलीस?" यंदा एकही दिवस मला "कुणावर नाही" असं म्हणता आलं नाही. आता तुम्ही विचारलंच आहे, तर चहा घ्या आणि ऐका. माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

*

सुरुवात पत्रकापासूनच झाली. शिबिराचं सगळं कदम सर बघतात. रिटायर्ड शिक्षक, माणूस वाईट नाही, पण मोठ्या माणसाला नाही म्हणायची वेळ आली की त्यांना एकदम फोन येतो.

पत्रकावर छापलं होतं, कराटे, बुद्धिबळ, रोबोटिक्स, आणि सगळ्यात खाली शिवणकाम. पुढे कंसात, फक्त मुलींसाठी.

"सर, हा कंस कुणी टाकला?"

"मॅडम, मुलगे कशाला येतील शिवायला?"

"तुमच्या अंगावरची पँट कुणी शिवली?"

"लक्ष्मणमामांनी. वीस वर्षं तेच शिवतात माझ्या पँटी."

"मग मामांना एकदा विचारा, कंसात बसणार का म्हणून."

कंस निघाला. सात मुलगे आले. त्यातले तिघं फक्त आमच्या खोलीत पंखा आहे म्हणून आले होते, हे मला नंतर कळलं. पण त्या तिघांतल्याच एकानं पुढे असं काज करून दाखवलं की मी ते दुकानात नेऊन माझ्या हेल्परला दाखवलं. तिला ते फारसं आवडलं नाही.

*

मग उद्घाटन. शिबिराला हॉल देतात ते आबा. गावातले मोठे बागायतदार, सोसायटीत त्यांचा शब्द चालतो, लहानमोठे सगळे त्यांना आबाच म्हणतात. कदम सरांना वाटलं, नुसती फीत कापण्यापेक्षा आबांनी मशीन चालवावी, फोटो चांगला येतो.

मशीन माझी. दुकानातून टेम्पोत घालून आणलेली, लग्नाच्या आधीपासूनची. तिच्यावर मी माझ्या बहिणीला बसू देत नाही.

आबा बसले. मी म्हटलं, "आबा, आधी चाकाला हात द्या, मग पाय दाबा." आबांनी हात कॅमेऱ्याकडे केला आणि पाय दाबला. चाक उलटं फिरलं, खाली दोऱ्याचा गोळा झाला, सुई मोडली.

आबा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "मशीन खराब हाय बाई तुमची."

फोटो मात्र सुरेख आला. गावाच्या ग्रुपवर खाली लिहिलं होतं, "मुलांना शिलाईचे धडे देताना आबा." फोटोत मीसुद्धा आहे. उजव्या बाजूला नीट बघितलंत तर माझं कोपर दिसतं.

*

मशीन शिकवायची माझी पद्धत जुनी आहे. पहिले चार दिवस सुईत दोरा ओवायचाच नाही. एकेरी वहीचं पान मशिनीखाली धरायचं आणि रेघेवरून नुसती सुई चालवायची. भोकं रेघेवर पडायला लागली की हात बसला असं समजायचं.

तिसऱ्या दिवशी एक आई वही नाचवत आल्या. "बाई, ही वही कोरी व्हती. भोकं पाडायला पाठवतो व्हय आम्ही पोरीला? मोबाईलवर बघा जरा, एका मिनटात लेहंगा शिवून दावत्यात."

"मग लेहंगा मोबाईलकडूनच शिवून घ्या," मी म्हटलं.

त्या पाय आपटत गेल्या. दुसऱ्या दिवशी पोरगी आली ती गेल्या वर्षीची भरलेली वही घेऊन. आईनं सांगितलं होतं, हिला पाड किती पाडायची तेवढी भोकं.

त्याच दिवशी मी प्रज्ञाचं पान खिडकीशी धरलं. प्रज्ञा अकरा वर्षांची, बौद्ध वस्तीतली, आई रांजणगावला कंपनीत लाइनवर उभी असते. पोरगी दिवसभरात चार वाक्यं बोलेल तर शपथ. पान उजेडात धरलं तर एकही भोक रेघ सोडून नव्हतं. मला स्वतःला असा हात बसायला दीड महिना लागला होता.

शिबिराच्या शेवटी आम्ही सगळे मिळून एक गोधडी शिवतो. प्रत्येकानं घरून एक जुना कपडा आणायचा, त्याचा तुकडा गोधडीत लागतो. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, ज्याचं पान सगळ्यात सरळ त्याचा तुकडा गोधडीच्या मधोमध. गोधडी टांगली की सगळ्यांची नजर आधी तिथंच जाते. तेव्हा मधला तुकडा प्रज्ञाचा.

सुटीनंतर ती मागं थांबली. "बाई, नक्की ना? मागनं बदलणार न्हाई ना?"

"मी कशाला बदलू?"

"बदलत्यात," ती म्हणाली आणि दप्तर घेऊन गेली.

*

जुना कपडा आणा म्हटल्यावर काय काय येतं, ते मी लिहून काढायला हवं होतं. कुणी भावाची टोपडी आणली, कुणी गुडघ्यावर फाटलेली जीन्स. ओमनं आणला वडिलांचा राखाडी शर्ट. मी विचारलं, "जुना आहे ना?" तो म्हणाला, "पप्पाच म्हणत्यात, ह्यात आता जीव न्हाई ऱ्हायला." मी कापून दिला. पाठीचा भाग मोठा असतो, म्हणून पाठच कापली.

दीड वाजता दारात ओमचे पप्पा, अंगात बनियन, खाली कंपनीची पँट.

"बाई, दोनला बस हाय माझी. सेकंड शिफ्ट. शर्ट कुठंय?"

मी शर्ट वर धरला. त्यांनी त्यातून पलीकडे बघितलं.

"आन् पाठ?"

जुना दिसत होता तो रोजच्या वापरातला युनिफॉर्म होता. जीव नसलेला शर्ट घालूनच ते रोज गेटमधून आत जात होते, आणि बिना युनिफॉर्मचा माणूस गेटवर आत सोडत नाहीत. मी वीस मिनिटांत अस्तराच्या कापडाची पाठ लावून दिली. पुढून राखाडी, मागून पांढरा. ते तसेच बसकडे पळाले. मी दिवसभर स्वतःवर चरफडत होते, शिवाय त्या कंपनीवरही, कारण चालू शर्ट आणि टाकाऊ शर्ट यातला फरक टेलरलाही कळू नये अशी वेळ का यावी.

दुसऱ्या दिवशी ओमचे पप्पा परत आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "तसं न्हाई बाई. सुपरवायझर विचारत व्हता, मागून हवा चांगली लागती म्हणं, त्याला बी करून द्याल का?"

*

गोधडीला खाली एक सलग मोठं कापड लागतं. तेच सगळं पेलतं. मधे जुन्या साड्यांचे थर आणि वर तुकडे. असं सलग कापड आणलं गार्गीनं. गार्गी म्हणजे आबांची नात. हिरवं नऊवारी लुगडं, बारीक काठाचं, घडीवर विरलेलं पण कुठंही न फाटलेलं.

"आज्जीचं हाय," गार्गी म्हणाली. "आज्जीनंच बाजूला ठेवलं व्हतं, गोधडीत घाला म्हणून. मग ती गेली. आईनं ट्रंकेतनं काढून दिलं."

आम्ही हॉलच्या फरशीवर लुगडं पसरलं, वर थर घातले, तुकडे मांडले. मधोमध प्रज्ञाच्या आजोबांचा निळा शर्ट, धुऊन धुऊन मऊ झालेला. सगळं कच्च्या टाक्यांवर धरलं. पोरं चारी बाजूंनी बसून आपापला तुकडा शोधत होती.

तेवढ्यात आबा हॉल बघायला आले.

"बाई, ही कापडं कुणाकुणाच्या घरची म्हणायची?"

"सगळ्यांच्या."

"धुतल्यात का?"

"धुऊन, उन्हात वाळवून घेतलीत."

"तरी पण. कुणाच्या अंगावरचं कुठलं... पोरांच्या तब्येतीचा प्रश्न हाय. मी नवा तागा पाठवतो, एकसारखा. त्याची शिवा."

"नव्या कापडाची गोधडी टोचते, आबा."

आबा वाकले, बोट निळ्या तुकड्याकडे नेलं. "हे मधी कुणाचं?"

"प्रज्ञाच्या आजोबांचं."

"कंची प्रज्ञा?"

मी तिच्या वडलांचं नाव सांगितलं. आबा "असं" म्हणाले, सरळ उभे राहिले आणि बोट धोतराला पुसलं. त्या तुकड्याला त्यांचं बोट लागलंसुद्धा नव्हतं. प्रज्ञा समोरच बसली होती. तिनं ते पाहिलं, मी तिला पाहताना पाहिलं, आणि माझ्या तोंडून तेव्हा एक शब्द फुटला नाही. बाकी कुणावरही चिडले असेन, पण त्या दिवसाचा सगळा राग माझा माझ्यावर आहे.

*

संध्याकाळी कदम सरांचा फोन. "मॅडम, थोडं अॅडजस्ट करा. काढू नका, नुसता कोपऱ्यात घ्या. पोरीला काय कळतंय?"

"सर, कोपऱ्यात काढून ठेवायला ती काय चप्पल आहे?"

"तसं नाही हो. पुढच्या वर्षी पण हॉल लागेल ना आपल्याला."

"आबांनी सांगितलंय का हे?"

"आबा कशाला सांगतील? आबा फक्त म्हणाले, बघा काय ते."

हे फार सोयीचं असतं. आबा म्हणणार बघा काय ते, सर म्हणणार अॅडजस्ट करा, आणि उसवायचं मी. मी फोन ठेवला आणि भाजी इतकी जोरात परतली की नवऱ्यानं विचारलंसुद्धा नाही.

गोधडी कडेनं शिवत शिवत मधे यायची असते. मी शिकले तशीच आणि शिकवतेही तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरांना म्हटलं, आज मधून सुरू करायचं.

"बाई, उलटं कसं काय?" ओमनं विचारलं.

"मी सांगते म्हणून."

निळ्या तुकड्याच्या एका बाजूला प्रज्ञा बसली, समोर गार्गी. दुहेरी निळा दोरा, बारीक टाका, सगळ्या थरांतून आरपार. दुपारपर्यंत मधला चौकोन असा पक्का झाला की मी नखानं ओढून बघितलं तरी दोरा हलला नाही. मग आम्ही बाहेर बाहेर जात चार दिवसांत कडा गाठली. उलट्या रीतीनं शिवलेली माझी ही पहिली गोधडी.

*

समारोपाच्या दिवशी स्टेजवर दोरीला गोधडी टांगली होती. कार्यक्रमाला तास होता. खुर्च्या लागत होत्या, माईकवाला हॅलो हॅलो करत होता. आबा प्रमुख पाहुणे, ते लवकरच आले आणि गोधडीसमोर उभे राहिले.

"सर, हे मधलं ऱ्हायलंच व्हय?" ते कदम सरांना म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

कदम सरांनी खिशात हात घातला, पण या वेळी फोन आला नाही. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तेवढा एक काढून दुसरा लावला तर? वेळ आहे अजून."

"मी नाही काढणार," मी म्हटलं. आवाज चढला होता, माईकवाल्यानं माईक बंद केला. "ज्याला नको असेल त्यानं काढावा. ही घ्या कात्री."

कात्री टेबलावर ठेवली. कदम सर एक पाऊल मागं सरकले. प्रज्ञा खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसली होती, नवा फ्रॉक, केसांना रिबीन. शेजारी तिची आई, त्या दिवशी सुट्टी टाकून आलेली. प्रज्ञानं मान खाली घातली. तिला हे आधीच माहीत असल्यासारखी.

"बाईंचं डोकं तापलंय," आबा म्हणाले. "गार्गे, इकडं ये बाळा. तुला येतंय ना आता सगळं? तेवढा मधला तुकडा उसव. हळू हातानं."

गार्गी आली. तिनं प्रज्ञाकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि कात्री उचलली. मी पुढे होणार होते, पण ती गोधडीच्या मागच्या बाजूला गेली. उसवायचं तर मागून उसवायचं, म्हणजे वरचं कापड कापलं जात नाही. हे मीच शिकवलं होतं.

मागं उजेड पुरत नव्हता, म्हणून तिनं खालची कड धरून गोधडी दोरीवर उलटी करून टाकली.

हिरवं लुगडं सगळ्या स्टेजभर उघडं झालं. बारीक काठ वर आणि खाली. मधोमध निळ्या दोऱ्याचा चौकोन, एकेक टाका रेघेत.

आबा एक पाऊल पुढे आले. काठाला हात लावला. काठ चिमटीत धरून उजेडाकडे केला.

"हे कुठनं आणलंस?" त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"आज्जीनं ठेवलं व्हतं. गोधडीसाठी." गार्गीनं कात्रीचं टोक निळ्या चौकोनापाशी नेलं आणि थांबली. "आबा, कुठनं उसवू? प्रज्ञाचा टाका आज्जीच्या लुगड्यातनंच गेलाय. वढला तर आज्जीचं फाटंल."