मास्तरांची चंदेरी उशी

छातीत यंत्र बसवलंय आणि त्याला बॅटरीच नाही, हे शिंपीमास्तरांना पटायला महिना लागला.

"मग चालतं कशावर? तुमच्या आशीर्वादावर?"

"उशीवर," डॉक्टर म्हणाले.

यंत्र शेंगदाण्याएवढं, हृदयाजवळच्या रक्तवाहिनीत बसवलेलं. रोज सकाळी घरीच, दवाखान्याने दिलेल्या उशीवर दहा मिनिटं पाठ टेकायची. उशीतल्या तारेच्या वेटोळ्यातून लहरी निघतात, त्यांवर यंत्र जागं होतं, रक्ताचा दाब सांगतं आणि पुन्हा गप्प.

"म्हणजे आपल्या जावयासारखं," मास्तर बायकोला म्हणाले. "ढकलल्याशिवाय हलायचं नाही."

आकडा आपोआप दवाखान्यात जायचा. सलग तीन दिवस गेला नाही, तर मास्तरांची रवानगी वॉर्डात. तिथे बारा खाटा आणि एक पंखा, तोही शेजाऱ्याकडे तोंड केलेला. मागच्या खेपेला मास्तरांनी अकरा दिवस काढले होते. पुन्हा जायचं नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण त्या उशीची शिवण! एक टाका लांब, एक आखूड. रविवारी मास्तरांनी बँडवाल्यांच्या कोटांतून उरलेलं चंदेरी कापड काढलं आणि दुहेरी टीप मारून झकास अभ्रा शिवला.

"हिच्यावर पडायचं की हिला सलाम ठोकायचा?" बायकोने विचारलं.

सोमवारी आकडा गेला नाही. मंगळवारीही नाही. नर्सबाईंचा फोन आला.

"काका, उशीवर पडताय ना?"

"पडण्याखेरीज दुसरं काम ठेवलंय का तुम्ही मला?"

"काही बदललंय?"

"छे."

अभ्रा म्हणजे बदल नव्हे, सुधारणा, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

बुधवारीही आकडा गेला नाही. बायकोने मुकाट्याने बॅग भरली. पुन्हा फोन.

"काका, उशीजवळ धातूचं काही आहे का?"

बायकोने फोन ओढून घेतला. "अख्खा बँड आहे हो. चंदेरी कापडाचा अभ्रा शिवलाय."

"त्यात धातूची तार असते, काकू. लहरी तिथेच अडतात. काढा तो आधी."

चाळीस वर्षं मास्तरांनी लोकांचं उसवलं होतं. स्वतःची शिवण, तीही बिनचूक, उसवायची ही पहिलीच वेळ. एकेक टाका कापताना चेहरा असा, जणू भूल न देता ऑपरेशन चाललंय. मग ते उशीवर आडवे झाले. दहा मिनिटांत फोन वाजला.

"आला आकडा. दाब वाढलाय, अंगात पाणी साठतंय. आज एक गोळी जास्त घ्या. यायची गरज नाही."

मास्तरांनी गोळी गिळली आणि दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बोट दाखवलं. "रिकामी कर की ती."

"करते," बायको म्हणाली. "उद्याचा आकडा जाऊ दे."